ट्रान्सप्लांटनंतरचं वर्ष: एका पगारावर घर कसं ओढायचं?

हिशेबनीस (धागाकर्ता):

जोडीदाराचं किडनी किंवा लिव्हर ट्रान्सप्लांट ठरलं की घरातली सगळी बोलणी ऑपरेशनच्या बिलाभोवती फिरतात. बिल मोठं असतंच. पण ते एकदाच येतं, अंदाज आधी मिळतो, आणि विमा, मदत, उसनवारी करून काहीतरी उभं राहतं. घराची खरी ओढाताण सुरू होते डिस्चार्जनंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात. भेटायला येणारे थांबलेले असतात, रजा संपलेली असते, औषधं मात्र चालूच.

धागा त्या वर्षाबद्दल आहे. मुख्य प्रश्न: कमावत्या जोडीदारानं नोकरी सोडून शुश्रूषेला बसावं, बिनपगारी रजा घ्यावी, की नोकरी धरून ठेवून माणूस नेमावं? आणि हाताशी किती पैसा हवा हे मोजायचं कसं?

सरकारी योजना, करांचे नियम जागोजागी वेगळे, त्यात इथे शिरू नये. घरची कहाणीही नको. आकडे आणि पद्धत लिहा.

रातराणी:

सोडायची कशाला नोकरी? पुष्कळदा घरचा आरोग्यविमा त्याच नोकरीला बांधलेला असतो. पगार गेला तर निदान पगारच जातो, विमा गेला तर रिजेक्शनचा (शरीरानं नवा अवयव नाकारण्याचा) पुढचा ॲडमिशनसुद्धा खिशातून. राजीनामा लिहिण्याआधी एवढं एकच तपासा: विमा कोणाच्या नावावर आहे आणि बिनपगारी रजेत तो चालू राहतो का. काही ठिकाणी पगार शून्य झाला की हप्ता कापला जात नाही आणि पॉलिसी गुपचूप बंद पडते. कोणी फोन करून सांगत नाही.

अर्धविराम:

रातराणींशी अर्धा सहमत. विम्याचं बरोबर, पण "माणूस नेमा" हे म्हणायला सोपं. पहिले ४ ते ६ आठवडे नेमलेलं माणूस पुरत नाही. तेव्हा काम अंग पुसण्याचं नसतं, लक्ष ठेवण्याचं असतं. रोज सकाळी वजन, दोन वेळा ताप आणि बीपी, लघवीचं मोजमाप, औषधांच्या वेळा, जखमेचा रंग. ताप ३८ सेल्सिअसला (१००.४ फॅरनहाइट) गेला की "सकाळपर्यंत बघू" म्हणायचं नाही, तेव्हाच फोन. हा निर्णय रात्री दोन वाजता घेणारं माणूस घरचंच लागतं.

खतावणी:

दोघंही बरोबर आहात, फक्त वेगवेगळ्या महिन्यांबद्दल बोलताय. नोकरी सोडायची का हे ठरवण्याआधी वेळेचा हिशेब मांडा, पैशाचा नंतर.

किडनीचं उदाहरण घ्या. साधारण पद्धत अशी: पहिला महिना आठवड्यातून दोनदा तपासणी, दुसरा महिना आठवड्यातून एकदा, तिसऱ्यात पंधरवड्याला एकदा, पुढे महिन्याला. केंद्राप्रमाणे थोडं इकडेतिकडे. म्हणजे ८ + ४ + २, तीन महिन्यांत १४ फेऱ्या. टॅक्रोलिमसची (रिजेक्शन रोखणाऱ्या मुख्य औषधाची) रक्तातली लेव्हल सकाळचा डोस घेण्यापूर्वी काढायची असते, त्यामुळे रक्त सकाळीच द्यायचं. डोस बरोबर न्यायचा, रक्त दिल्यावर घ्यायचा. प्रत्येक फेरीला अर्धा दिवस धरला तर १४ अर्धे दिवस, म्हणजे ७ पूर्ण रजा. एवढ्यासाठी नोकरी सोडायची नसते. सात रजा आणि उशिरा येण्याची परवानगी मागायची असते.

रुग्णाचं म्हणाल तर बैठं काम असलेले किडनीवाले साधारण २ ते ३ महिन्यांत कामावर परततात, लिव्हरवाल्यांना ३ ते ६ महिने धरावे. गाडी चालवणं ४ ते ६ आठवडे बंद. उचलायचं वजन पहिले ६ ते ८ आठवडे ४-५ किलोच्या आत, म्हणजे भरलेली बादली नाही की लहान मूल नाही. अंगमेहनतीचं काम असेल तर परतायला बराच जास्त वेळ धरा.

हिशेबनीस:

हे हवं होतं. आता पैसे. देशोदेशीचे आकडे टाळायला घराचं जुनं एकूण मासिक उत्पन्न १०० धरतो. कमावत्याचे ६०, रुग्णाचे ४०. न टळणारा खर्च (घर, हप्ते, शाळा, विमा) ५५. बाकीचा खर्च आवळून १५. उपचाराचा जास्तीचा खर्च पहिले तीन महिने २५, पुढचे तीन १८, नंतर १०.

पहिले ३ महिने: आवक ६०, जावक ९५, तूट ३५. तिप्पट १०५.
पुढचे ३: आवक ६०, जावक ८८, तूट २८. तिप्पट ८४.
सातव्यापासून रुग्ण अर्ध्या वेळेवर कामाला लागला, २० आले: आवक ८०, जावक ८०.

एकूण तूट १८९. म्हणजे जुन्या उत्पन्नाचे जेमतेम दोन महिने. भीती वाटते त्या मानानं कमीच.

खतावणी:

हिशेबनीस, नावाला जागा! कमावत्याचे ६० पूर्ण येत राहतात असं धरलंय तुम्ही. अर्धविरामांचे सहा आठवडे बिनपगारी घेतले तर ६० गुणिले दीड, ९० आणखी गेले. १८९ + ९० = २७९. दोन महिने कुठले, पावणेतीन. आणि यात एकही पुन्हा ॲडमिशन नाही. पहिल्या वर्षात एखादं धरलंच पाहिजे: इन्फेक्शन, क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते दाखवणारी रक्ततपासणी) वाढणं, बायॉप्सी (अवयवाचा बारीक तुकडा काढून तपासणं), रिजेक्शन आढळलं तर मिथाइलप्रेडनिसोलोन या स्टेरॉइडची बहुधा तीन दिवसांची सलाइनं. हे सगळं होऊनही किडनी उत्तम चालू राहू शकते. त्यामुळे ही वाईट बातमी म्हणून नाही, अंदाजपत्रकातली एक ओळ म्हणून लिहा.

हिशेबनीस:

चूक मान्य. २७९ अधिक एक ॲडमिशन.

तिरपागडा:

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, हे धाग्याच्या वर चिकटवून ठेवा.

निळीशाई:

पैशाइतकाच कागदाचा घोळ होतो, त्याबद्दल कोणीच लिहिलं नाही. टॅक्रोलिमसचा एक नेहमीचा दुष्परिणाम म्हणजे हातांना कंप. चहाचा कप बशीवर वाजतो इतपत. कप वाजला तर वाजू दे, पण बँकेतली सही जुळत नाही. चेकवरचं आडनाव मधेच वर उडालेलं, शेवटची रेघ दोनदा काढल्यासारखी, आणि काउंटरवरचा माणूस कार्डावरची जुनी ठसठशीत सही दाखवून मान हलवतो. खातं रुग्णाच्या एकट्याच्या नावावर असेल तर घरात पैसा असून हाताशी नाही.

म्हणून ऑपरेशनच्या आधीच्या महिन्यात करायचं काम: मुख्य खातं संयुक्त आणि "दोघांपैकी कोणीही" व्यवहार करू शकेल असं, वारसनोंदी तपासलेल्या, विम्याचे क्लेम करण्याचं अधिकारपत्र किंवा मुखत्यारपत्र, आणि पासवर्ड एका वहीत. वीज, फोन, शाळा, हप्ते हे आपोआप कुठल्या खात्यातून जातात त्याची यादी. पगार रुग्णाच्या खात्यात यायचा आणि हप्ता तिथूनच जायचा, अशी जोडणी असेल तर पहिला हप्ता हमखास चुकतो, कारण पगार थांबला तरी हप्त्याची सूचना बँकेत तशीच असते.

कावळोबा:

भर घालतो. रिजेक्शन टाळायला दिलेल्या स्टेरॉइडनं चेहरा गोल होतो. मोबाइल चेहरा बघून उघडायचा असेल तर मोबाइल म्हणतो, "आपण कोण?" पिन आधीच ठरवून ठेवा.

आणि थट्टा नाही, स्टेरॉइडच्या मोठ्या डोसवर झोप उडते, काहींचा उत्साह ओसंडून वाहतो. पहाटे तीनला ऑनलाइन खरेदी, गुंतवणुकीचे अचाट बेत. पहिले काही महिने ठरावीक रकमेच्या वरचा व्यवहार दोघांच्या संमतीनं, हे शुद्धीत असताना ठरवावं. वागणं फारच बदललं तर ते स्वभावावर ढकलू नका, डॉक्टरांना सांगा.

तिरपागडा:

गोल चेहरा आणि पहाटेचे अचाट बेत हे औषधांशिवायही होतं. विचारा आमच्या सभासदांना.

रातराणी:

खिक्क. पण कावळोबांचा मुद्दा गंभीर आहे.

शून्यमूल्य:

औषधांचं बोलू. लोक इथे दोन उलट चुका करतात.

पहिली, घाऊक खरेदी. तीन महिन्यांचं एकदम घेतलं तर सवलत मिळते म्हणून घेतात. पहिल्या तीन महिन्यांत डोस लेव्हलप्रमाणे सतत बदलतो. टॅक्रोलिमसच्या कॅप्सूल ०.५, १ आणि ५ मिलिग्रॅमच्या येतात. १ च्या पाच पट्ट्या आणून ठेवल्या आणि डॉक्टरांनी डोस ०.५ नं कमी केला की नवी पट्टी वेगळी आणावी लागते. कॅप्सूल अर्धी करता येत नाही. सुरुवातीला ७ ते १० दिवसांचंच घ्या. डोस स्थिरावला की मग महिन्याचं, शिवाय दोन आठवड्यांचा साठा वेगळा. हा साठा नेहमी फिरता ठेवायचा: नवं मागे, जुनं पुढे.

दुसरी चूक जास्त महाग: पैसे पुरावेत म्हणून डोस ताणणं. संध्याकाळचा डोस आठवड्यातून दोनदा गाळला तर काही दिवस काहीच जाणवत नाही, म्हणून भीड चेपते. रिजेक्शन सुरुवातीला दुखत नाही, ते क्रिएटिनिनमध्ये किंवा लिव्हरच्या तपासणीत दिसतं. त्यात वाचवलेल्या पट्ट्यांच्या कितीतरी पट पैसा जातो आणि अवयव जाऊ शकतो तो वेगळा. पैसे कमी पडताहेत हे ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरला स्पष्ट सांगावं. लाजू नये, त्यांच्यासाठी ही रोजची गोष्ट आहे. उपचारात बसेल असा स्वस्त पर्याय त्यांनाच ठाऊक असतो.

अर्धविराम:

मग जेनेरिक घ्यावं की नाही? इथे दोन तट पडणार याची खात्री आहे.

शून्यमूल्य:

तट पडायची गरज नाही. जेनेरिक चालतं. दर महिन्याला दुकानात जे असेल ते घेणं चालत नाही. टॅक्रोलिमसची मात्रा कमी झाली तर रिजेक्शन, जास्त झाली तर किडनीलाच अपाय, मधली पट्टी अरुंद. एक ब्रँड ठरवा आणि त्यावरच राहा. बदलायचाच तर डॉक्टरांना सांगून, आणि बदलल्यावर लेव्हल पुन्हा काढून. या जादा तपासणीचा खर्च धरूनही बचत होते का ते बघा, बहुतेकदा होते.

दोन सापळे मात्र लक्षात ठेवा. दिवसातून एकदा घ्यायचा टॅक्रोलिमस आणि दोनदा घ्यायचा टॅक्रोलिमस ही अदलाबदल करण्याजोगी औषधं नव्हेत, नाव एकच असलं तरी. तसंच मायकोफिनोलेट (रिजेक्शन रोखणारं दुसरं औषध) दोन रूपांत येतं: मोफेटिल ५०० मिलिग्रॅमच्या जागी सोडियम ३६० येतं. दुकानदारानं "३६० म्हणजे कमी पॉवरची" म्हणून दोन दिल्या तर डोस दुप्पट. चिठ्ठीवर ब्रँड, मूळ औषध आणि मिलिग्रॅम तिन्ही लिहून घ्या.

खतावणी:

आणि एक सुखद बाजू. औषधांचा खर्च कायम पहिल्या महिन्याएवढा राहत नाही. सीएमव्ही विषाणूसाठीचं व्हॅलगॅनसिक्लोविर सहसा ३ किंवा ६ महिने चालतं (दाता आणि रुग्ण यांच्या रक्ततपासणीवरून ठरतं), आणि ते यादीतल्या महागड्यांपैकी एक. स्टेरॉइडही हळूहळू उतरतं. म्हणून हिशेबनीसांनी उपचार खर्च २५, १८, १० असा उतरता धरला ते योग्य. उलट बाजू: स्टेरॉइड आणि टॅक्रोलिमसमुळे काहींना नव्यानं मधुमेह होतो, मग ग्लुकोमीटरच्या पट्ट्या आणि इन्सुलिन यादीत येतात. एक गेलं की एक आलं.

तिरपागडा:

पहिलं यशस्वी किडनी ट्रान्सप्लांट २३ डिसेंबर १९५४ ला बॉस्टनमध्ये झालं. दाता रुग्णाचा एकसारखा जुळा भाऊ, त्यामुळे रिजेक्शनची औषधं लागलीच नाहीत. सर्वांत स्वस्त उपाय हाच: जन्मताना जुळं यावं.

निळीशाई:

दोघं कमावते असून दाता जोडीदारच असेल तर? तेव्हा १०० मधले १०० थांबतात.

रातराणी:

हा प्रश्न वर यायला हवा होता. दात्याची किडनी दुर्बिणीनं काढली तरी बैठ्या कामाला साधारण ४ आठवडे, वजन उचलण्याच्या कामाला ६ ते ८. लिव्हरचा तुकडा दिला असेल तर २ ते ३ महिने धरा. म्हणजे घरात दोन रुग्ण, आणि भरलेली पिशवी उचलणारं कोणीच नाही. अशा वेळी तिसरं माणूस दाता आणि रुग्ण दोघांसाठी आधीच पक्कं हवं, आणि दात्याची रजा रुग्णाच्या आधी मंजूर करून घ्यावी.

विम्यात दात्याचा खर्च धरलाय का हे लेखी विचारा. दात्याच्या तपासण्या, शस्त्रक्रिया आणि नंतरची गुंतागुंत हे तीन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर "नाही" असणाऱ्या पॉलिसी बऱ्याच असतात.

दाता नातेवाईक असेल आणि त्याचा पगार बुडत असेल तर तो भरून देणं म्हणजे अवयव विकत घेणं नव्हे. अवयवांच्या व्यापाराविरुद्धच्या २००८ च्या इस्तंबूल जाहीरनाम्यानंही दात्याचा वाजवी खर्च भरून देणं आणि मोबदला देणं यात फरक केला आहे. पण स्थानिक कायदा काय परवानगी देतो ते हॉस्पिटलच्या समितीलाच विचारून, पावत्यांनिशी करा. हातावर नोटा ठेवू नका.

अर्धविराम:

कर्जाच्या हप्त्यांचं काय? बँका काही महिने थांबायला तयार असतात म्हणे.

खतावणी:

थांबतात, पण व्याज थांबत नाही, ते मुदलात चढतं. तरीही हप्ता चुकल्यावर जाण्यापेक्षा चुकण्याआधी जाऊन मुदत वाढवून घेणं केव्हाही बरं. कर्ज संयुक्त असेल तर एकाच्या आजारपणात दोघांची पत खराब होते. क्रेडिट कार्डाची उरलेली रक्कम पुढे ढकलणं सर्वांत महाग, औषधांसाठी तर नकोच. आणि हातात एकरकमी पैसा आला (गंभीर आजाराची पॉलिसी वगैरे) तर उत्साहात घरकर्ज फेडून टाकू नका. फेडलेलं कर्ज अडीनडीला परत मिळत नाही. वर्षभर तो पैसा हाताशी हवा.

शून्यमूल्य:

इथे असहमत. कर्ज महाग व्याजाचं असेल, वैयक्तिक वगैरे, तर ते आधी फेडावं. महिन्याचा न टळणारा खर्च ५५ वरून ४५ वर आला तर तूट दर महिन्याला १० नं कमी होते.

खतावणी:

हप्ता १० चा आणि उरलेली रक्कम १०० असेल तर तसं करून वर्षात १०० हून जास्त सुटतात, मान्य. उरलेली रक्कम ४०० असेल तर नाही. भागाकार करून बघा.

कावळोबा:

क्लेमबद्दल. पॉलिसीत डिस्चार्जनंतर ठरावीक दिवसांचाच खर्च मिळतो, त्याची शेवटची तारीख कॅलेंडरवर लाल करा. किडनीवाल्यांसाठी खास: मूत्रवाहिनीत ठेवलेला डीजे स्टेंट (बारीक नळी) साधारण २ ते ६ आठवड्यांनी काढतात. ती वेगळी छोटी प्रक्रिया, वेगळं बिल, आणि मूळ अंदाजपत्रकात तिचं नाव बऱ्याचदा नसतंच. तारीख लवकर ठरवून घ्या, म्हणजे मुदतीच्या आत बसते. औषधाचं प्रत्येक बिल चिठ्ठीसह जोडा. चिठ्ठीची तारीख बिलाच्या नंतरची असली की क्लेम परत येतो. थर्मल कागदाची बिलं काही महिन्यांत कोरी होतात, त्याच दिवशी फोटो काढा.

रातराणी:

नातेवाइकांकडे पैसे मागण्याऐवजी वार मागा. "काही लागलं तर सांगा" म्हणणाऱ्याला लगेच सांगायचं: दर मंगळवारी सकाळी हॉस्पिटलची फेरी तुमची. सर्दी-खोकला असेल त्या दिवशी मात्र येऊ नका, हेही त्याच वाक्यात. १४ फेऱ्यांपैकी ६ अशा वाटल्या तर कमावत्याच्या ३ रजा वाचल्या.

हिशेबनीस:

मूळ प्रश्नाकडे येतो. वाचून माझं मत असं झालंय: राजीनामा नाही, रजा हातची राखून, पहिले सहा आठवडे घरचं माणूस, पुढे वाटून घेतलेल्या फेऱ्या. एकच राहिलं. सहा आठवड्यांची रजा नेमकी कुठल्या दिवसापासून टाकायची? ऑपरेशनच्या दिवसापासून?

अर्धविराम:

नाही. ऑपरेशनचा दिवस आणि दुसरा दिवस सुटी घ्या, सह्या आणि निर्णय असतात. नंतर आयसीयूत बाहेरच्या बाकावर बसून रजा जाळण्यात अर्थ नाही, भेट काही मिनिटांचीच असते. किडनीचा रुग्ण आठवड्याभरात घरी येतो, लिव्हरला दोन-तीन आठवडे लागू शकतात. खरी रजा डिस्चार्जच्या आदल्या दिवसापासून टाका.

मृत दात्याच्या प्रतीक्षायादीवर असाल तर तारीख आधी कळत नाही, फोन कधीही येतो. कधी धावत जाऊनही अवयव योग्य नाही म्हणून परत यावं लागतं, ती फेरी खर्चात धरा. तेव्हा साहेबांकडे तारीख मागू नका, "फोन आल्यापासून २ दिवस आणि डिस्चार्जपासून ६ आठवडे" असाच अर्ज आधी देऊन ठेवा.

निळीशाई:

आणि आदला दिवसच का, तर त्या दिवशी नर्स औषधांचा तक्ता समजावून सांगते. सकाळच्या आणि रात्रीच्या मिळून बऱ्याच गोळ्या असतात, नावं सारखी वाटतात. तिच्यासमोर स्वतःच्या हातानं आठवड्याचा गोळ्यांचा डबा भरून दाखवा. चुकला तर तिथेच चुकू द्या.